बॉस्टनची दहावी

हा अंक आपल्या हाती पडेल त्या सुमारास घरोघरी सहामाही परीक्षा नुकतीच आटोपलेली असेल. पेपर लिहून झाले आहेत पण तपासून परत आलेले नाहीत, असा हा मधला सुखाचा काळ. मुले जरा जास्तच मोकळी असतात आणि आईवडील जरा जास्तच गोड बोलतात. अशा वेळी परीक्षेचा विषय काढणे म्हणजे फराळाच्या ताटात कारले वाढण्यासारखे आहे, हे मला कळते. पण नरकचतुर्दशीला कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावायची चाल आपल्याकडे आहेच. तेवढ्यापुरते वाचकांनी मला सोसून घ्यावे. शिवाय गोष्ट इथली नाही. ती अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याची, म्हणजे बॉस्टन ज्या राज्याची राजधानी आहे तिथली आहे. आणि ती मला सांगाविशी वाटते याचे कारण असे की, दहावीची परीक्षा ठेवावी की मोडावी यावर तिथल्या जनतेने चक्क मतदान केले, आणि ते मी समोर बसून पाहिले.

माझ्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. पुण्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी चौतीस वर्षे गणित आणि इंग्रजी शिकवले. बोर्डाचे पेपर तपासले, पुढे नियामक झालो, म्हणजे दुसऱ्यांनी तपासलेले गठ्ठे पुन्हा उघडून त्यांची तपासणी तपासू लागलो. एप्रिल महिना म्हटला की इतरांना आंबे आठवतात, मला लाल शाई आठवते. निवृत्तीनंतर २०२४ च्या ऑगस्टात सौ. आणि मी सहा महिन्यांसाठी लेकीकडे गेलो. बॉस्टनच्या पश्चिमेला वीसएक मैलांवर त्यांचे गाव. घरापुढे मेपलची दोन झाडे, मागे सशांचा सुळसुळाट आणि दिवसभर रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुणाशी बोलावे म्हटले तर टपालवाल्याची वाट पाहायची.

त्या टपालवाल्यानेच एक दिवस एक लाल मुखपृष्ठाची पुस्तिका आणून दिली. हे राज्य सरकारचे प्रकाशन. निवडणुकीआधी ती घरोघर फुकट पाठवतात. जनतेपुढे मतासाठी ठेवलेले प्रश्न तीत छापलेले असतात, आणि प्रत्येक प्रश्नाखाली बाजूने एक व विरुद्ध एक असे दोन छोटे मजकूर. त्या वर्षी पाच प्रश्न होते. पहिला विधिमंडळाचे हिशेब तपासण्याबद्दल, तिसरा ॲपवर टॅक्सी चालवणाऱ्यांच्या युनियनबद्दल, चौथा नशा आणणाऱ्या अळंब्यांना मोकळीक द्यावी काय याबद्दल, पाचवा हॉटेलातल्या वाढप्यांच्या किमान वेतनाबद्दल. आणि या सगळ्यांच्या मधे, दुसऱ्या क्रमांकावर, आमचा विषय : ‘एमकॅस’ नावाची राज्याची परीक्षा पास झाल्याशिवाय शाळेचा डिप्लोमा द्यायचा नाही, ही अट रद्द करावी काय?

मी ते तीनदा वाचले. आपल्याकडे दहावीचे काय करायचे हे अळंब्या आणि वाढपी यांच्या रांगेत उभे करून मतदाराला विचारले, तर पुण्यातल्या क्लासवाल्यांना त्याच रात्री झोप लागणार नाही, असे मनात आले.

ही परीक्षा काय आहे ते आधी सांगतो. अमेरिकेत आपल्यासारखे बोर्ड नाही. शाळा गावाची, पैसा बहुतांशी गावाच्या घरपट्टीचा, अभ्यासक्रमावरही गावाचा हात. मुलगा बारावीपर्यंत वर्गातल्या कामावर, गृहपाठावर, शिक्षकाच्या गुणांवर पुढे सरकतो. त्यामुळे श्रीमंत गावच्या शाळेत पोहण्याचा तलाव, आणि गरीब गावच्या शाळेत गळके छप्पर, असा प्रकार झाला. काही गरीब गावांतल्या मुलांच्या नावाने खटला उभा राहिला आणि जून १९९३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, मूल श्रीमंत गावातले असो की गरीब, त्याला शिकवण्याचे कर्तव्य घटनेने राज्यावर टाकलेले आहे. ही घटना १७८० सालची, जॉन ॲडम्स यांनी तयार केलेली, बरे का! निकालानंतर काही दिवसांतच शिक्षणसुधारणेचा कायदा आला. त्यात एक सौदा होता. राज्य गरीब गावांना भरघोस पैसा देईल. त्या बदल्यात पैशाचे काय झाले हे सगळ्यांना एकच परीक्षा देऊन दाखवावे लागेल. १९९८ पासून ती परीक्षा सुरू झाली, आणि २००३ साली बाहेर पडणाऱ्या तुकडीपासून दहावीच्या इयत्तेत ती पास होणे डिप्लोमासाठी सक्तीचे झाले. आधी इंग्रजी आणि गणित, पुढे त्यात विज्ञानाची भर पडली. नापास झाल्यास अकरावी-बारावीत फेरपरीक्षा.

परीक्षेची तऱ्हा पाहून मात्र मी थक्क झालो. तिला वेळेची मर्यादाच नाही! मूल काम करते आहे तोवर शाळा सुटेपर्यंत त्याने खुशाल लिहीत बसावे. ‘शेवटची दहा मिनिटे’ ही आरोळी नाही, पुरवणीला दोरा बांधण्याची धांदल नाही, दाराशी आईबाप नाहीत, रस्त्यावर दही-साखर नाही. सगळे संगणकावर. माझी नात त्या वेळी दहावीतच होती. तिला मी विचारले, “अभ्यास केव्हापासून सुरू करणार?” ती म्हणाली, “आजोबा, त्याचा काय अभ्यास करायचा? ती नुसती देतात.”

ते तिच्यापुरते खरे होते. तिच्यासारख्या मुलांना ही अट म्हणजे उंबरठा. पाय उचलला की पलीकडे. जी मुले अडखळत ती वेगळी. दरवर्षी सगळे विषय पुरे करूनही केवळ या परीक्षेपायी डिप्लोमा न मिळणारी मुले साऱ्या राज्यात सुमारे सातशे असत, शंभरात एक. त्यांतली बहुतेक एकतर अपंग अथवा शिकण्यात काही अडचण असलेली, नाहीतर ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशी. सातशे हा आकडा मोठा की लहान, यावरच सारा वाद होता म्हणा ना.

आमच्या घरात तर दोन तट पडले. लेक आणि जावई दोघेही तिथले नागरिक, दोघांनाही मत. लेक म्हणे, “हो.” जावई म्हणत, “नाही.” जेवायला बसल्यावर वरणावरचे तूप थिजेपर्यंत हा वाद चाले.

लेकीचे म्हणणे शिक्षक संघटनेचेच होते, त्यांनीच हा प्रश्न मतासाठी पुढे आणला होता. परीक्षेत जे विचारतात तेच वर्गात शिकवले जाते; चित्रकला, संगीत, इतिहास मागे पडतात; तेरा वर्षे शाळेत घातलेल्या मुलाला एका परीक्षेने अडवणे अन्याय आहे. जावई सौम्य गृहस्थ, सॉफ्टवेअरमध्ये आहेत, आवाज चढवत नाहीत. पण एके रात्री त्यांनी ताटावरून हात उचलला आणि म्हणाले, “बाबा, मी सोलापूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतला. मला पुण्याच्या कॉलेजात कुणी ओळखीने नेले नाही. दहावीच्या गुणपत्रिकेने नेले. माझा पेपर ज्याने तपासला त्याला माझी जात माहीत नव्हती, गाव माहीत नव्हते, चपला आहेत की नाहीत हे माहीत नव्हते. फक्त क्रमांक. आमच्या गुरुजींच्या नुसत्या शिफारशीवर माझे भवितव्य असते तर मी आज कुठे असतो?”

लेक गप्प बसली. मीही. नियामकाच्या खुर्चीवरून मी हजारो उत्तरपत्रिका पाहिल्या आहेत, आणि त्या खुर्चीचा थोरपणा त्यांनी सांगितला त्याहून नेमका मला कधी सांगता आला नसता. पण त्याच खुर्चीवर मी दुसरेही पाहिले आहे. पुरवणीच्या शेवटी पेन्सिलीने लिहिलेले असते, ‘सर, वडील वारले आहेत, पास करावे.’ मार्क चौतीस. कृपागुणांच्या नियमात बसले तर बसले. चौतीसच्या मुलात आणि पस्तीसच्या मुलात फरक काय, हे चौतीस वर्षे मास्तरकी करून मला अजून समजलेले नाही. आणि तरी रेघ कुठेतरी ओढावीच लागते.

योगायोग पाहा, हा वाद ज्या गावी मी ऐकत होतो तिथून बॉस्टन वीस मैल, आणि अमेरिकेतल्या या साऱ्या परीक्षा-पुराणाचा पहिला अध्याय बॉस्टनमध्येच लिहिला गेलेला. १८४५ सालची गोष्ट. राज्याच्या शिक्षणमंडळाचे चिटणीस होरेस मान हे मोठे सुधारक; अमेरिकेतल्या सरकारी शाळेचे जनकच म्हणतात त्यांना. प्रशियातल्या शाळा पाहून आल्यावर त्यांनी जो अहवाल लिहिला त्यात बॉस्टनच्या हेडमास्तरांना अप्रत्यक्ष बरेच बोल लावले होते. छडी फार, घोकंपट्टी फार, वगैरे. एकतीस हेडमास्तरांनी मिळून त्यावर उलट पुस्तकच छापले. तोपर्यंत शाळांची परीक्षा तोंडी होई. समितीचे सभासद वर्षातून एकदा यायचे, गुरुजी चुणचुणीत मुलाला उभे करायचे, तो घडाघडा म्हणून दाखवायचा, टाळ्या व्हायच्या. आपल्याकडे इन्स्पेक्टरसाहेब यायचे तेव्हा काय व्हायचे ते जुन्या वाचकांना आठवत असेलच!

मान यांचे मित्र सॅम्युएल हाउ हे अंधशाळेचे संचालक. ते शाळासमितीवर निवडून आले. त्यांनी गुपचूप प्रश्न छापून घेतले आणि एका सकाळी समितीचे लोक शाळाशाळांतून जाऊन धडकले. प्रत्येक शाळेतल्या वरच्या वर्गातली निवडक मुले, सगळ्यांना तेच प्रश्न, तासाभराचा वेळ, उत्तरे लेखी. एका शाळेची बातमी दुसरीला पोचू नये म्हणून घाईने पुढची शाळा गाठायची. निकाल लागला तो असा की, निवडक पाचशेवर मुलांची मिळून शंभरात जेमतेम तीस उत्तरे बरोबर. त्यातले एक उदाहरण मला फार आवडते. जेफर्सनच्या काळी व्यापारबंदी कोणत्या साली झाली हे मुलांना ठाऊक होते. व्यापारबंदी म्हणजे काय, हे ठाऊक नव्हते. मान यांना परमानंद झाला. ही परीक्षा निःपक्षपाती आहे, सर्वांना समान आहे आणि मधे गुरुजींना लुडबूड करता येत नाही, असे त्यांनी लिहिले. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी या परीक्षेचा सगळा गुण आणि सगळा विखार एकत्रच जन्माला आला. ती मुलांची परीक्षा होती खरी, पण नेम धरला होता तो मास्तरांवर.

पुढे विसाव्या शतकात यंत्रे आली. १९१४ च्या सुमारास कॅन्ससमधल्या फ्रेडरिक केली यांनी पर्यायांतून एक उत्तर निवडायचा प्रकार काढला. पहिल्या महायुद्धात लाखो सैनिकांची बुद्धी त्या पद्धतीने मोजून झाली, आणि १९३८ मध्ये आयबीएमने पेन्सिलीच्या खुणा वाचून गुण देणारे यंत्र बाजारात आणले. त्या यंत्राची मूळ कल्पना रेनॉल्ड जॉन्सन नावाच्या एका हायस्कूल मास्तरची! गठ्ठ्यांना कंटाळलेल्या मास्तरशिवाय हे कुणाला सुचणार, सांगा.

पण परीक्षा हा देशाचा कायदा झाला तो २००२ मध्ये. अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ८ जानेवारीला ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या कायद्यावर सही केली. एकही मूल मागे राहू द्यायचे नाही, असा त्या नावाचा अर्थ. तिसरी ते आठवी दरवर्षी आणि पुढे हायस्कुलात एकदा, वाचन आणि गणित यांची परीक्षा. सरासरीमागे कुणाला लपता येऊ नये म्हणून काळी मुले, गरीब मुले, अपंग मुले, परभाषी मुले यांचे निकाल वेगवेगळे मांडायचे. हे त्या कायद्याचे खरे पुण्य. तोवर चांगल्या म्हणवणाऱ्या शाळांतही मागच्या बाकावरच्या मुलांचा हिशेब कुणी विचारत नव्हते. पण त्याच कायद्यात लिहिले होते की, २०१४ पर्यंत देशातले एकूणएक मूल ‘प्रवीण’ झाले पाहिजे. आणि ज्या शाळा त्या वाटेवर दिसणार नाहीत त्यांच्यावर वर्षावर्षाला चढत्या शिक्षा. एकूणएक! ज्याने एक वर्षही वर्गात खडू धरला आहे तो असे वाक्य लिहिणार नाही.

त्याचे फळ जॉर्जिया राज्यातल्या ॲटलांटा शहरात दिसले. तिथल्या शाळांचे गुण वर्षानुवर्षे चढत गेले, शिक्षणप्रमुख बेव्हर्ली हॉल यांना २००९ मध्ये देशातल्या सर्वोत्तम शाळाप्रमुख म्हणून गौरवण्यात आले. मग कुणीतरी उत्तरपत्रिकांवरची खाडाखोड मोजली. चूक खोडून बरोबर केलेल्या खुणा इतक्या होत्या की मुलांनी त्या केल्या असणे शक्यच नव्हते. २०११ च्या चौकशी अहवालात ४४ शाळा आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापक यांच्यावर ठपका आला. २०१५ मध्ये बारांपैकी अकरा जणांना न्यायालयाने दोषी ठरवले, तेही टोळीबाजांसाठी केलेल्या कायद्याखाली. बाई त्याआधीच वारल्या होत्या. मला यात सगळ्यात वाईट वाटले ते त्या मुलांचे. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना ‘येते’ असा दाखला मिळाला, आणि त्यामुळे त्यांच्यासाठी जी ज्यादा शिकवणी लागली असती ती लागलीच नाही.

न्यूयॉर्क राज्यात २०१५ च्या वसंतात वेगळेच घडले. पाचांतल्या एका मुलाच्या आईबापांनी ‘आमचे मूल ही परीक्षा देणार नाही’ असे कळवून टाकले. त्याच वर्षी डिसेंबरात नवा कायदा येऊन जुन्याच्या शिक्षा बऱ्याचशा राज्यांच्या हवाली झाल्या, परीक्षा मात्र राहिल्या.

हे सगळे वाचताना मला आपल्या जोतीराव फुल्यांची आठवण झाली, आणि ती ओढूनताणून आणलेली नाही. १८६२ मध्ये इंग्लंडात ‘निकालावर पैसा’ अशी पद्धत सुरू झाली. इन्स्पेक्टरने वाचन, लेखन, गणित यांत मुले तपासायची आणि पास होतील तितक्या मुलांमागे शाळेला अनुदान. मॅथ्यू अर्नोल्ड हे कवी स्वतः इन्स्पेक्टर होते. त्यांनी त्यावर कडाडून टीका केली, तरी ती तीसएक वर्षे टिकली. तीच पद्धत साहेबाने मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांना लावली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे फुल्यांनी जे निवेदन केले त्यात त्यांनी स्पष्ट सांगितले की, गोरगरिबांत शिक्षणाचा प्रसार करायला ही पद्धत कामाची नाही. ज्यांच्यात शिक्षणाची गोडीच अजून उत्पन्न झालेली नाही त्यांच्यासाठी कोणता मास्तर आपल्या पोटाला चिमटा घेऊन शाळा काढील? ॲटलांटाचा अहवाल येण्याआधी एकशे एकोणतीस वर्षे पुण्यातल्या एका माणसाने ही मेख ओळखली होती.

असो. परत मॅसॅच्युसेट्सकडे वळतो. कारण तिथे माझी एका विद्यार्थ्याशी गाठ पडली.

घरी बसून कंटाळा येतो म्हणून मी गावच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊ लागलो. तिथे संध्याकाळी परभाषी मुलांना इंग्रजी शिकवायला कुणी ना कुणी स्वयंसेवक बसत. ग्रंथपालबाईंना मी मास्तर असल्याचे कळले आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यापुढे एक उंच, लाजरा मुलगा आणून बसवला. ब्राझीलचा. त्या भागात ब्राझीलची वस्ती बरीच आहे. वडील घरे रंगवायचे, हा शनिवार-रविवार त्यांच्या शिडीवर. नववीत असताना आलेला, आता बारावीत. गणित पहिल्या झटक्यात पास, विज्ञान पास, शाळेतले सगळे विषय सुरळीत. एमकॅसच्या इंग्रजीत दोनदा नापास. नोव्हेंबरात फेरपरीक्षा होती.

तो मला ‘प्रोफेसर’ म्हणे. माझी छाती फुगली. मग कळले की पोर्तुगीज भाषेत कुठल्याही मास्तरला प्रोफेसरच म्हणतात. आमचे सूत जुळले ते मात्र शब्दांवरून. त्याला किल्लीला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना, तो म्हणाला, “शावी.” मी म्हणालो, “आम्हीही चावीच म्हणतो!” मग आम्ही पाव काढला, बादली काढली, फीत काढली, पगार काढला. वसईला आणि गोव्याला चारशे वर्षांपूर्वी उतरलेले ते शब्द आम्हा दोघांना एका टेबलाशी भेटले. हसून हसून आमची पुरेवाट झाली, आणि ग्रंथपालबाईंनी बोट ओठांवर ठेवले.

त्याची अडचण काय होती? मूर्खपणा नव्हे. त्याला वाचलेले समजत होते. पण दोन उतारे वाचून त्यांची तुलना करणारा निबंध लिहायचा, आणि लिहिताना तो वाक्यातला कर्ताच गाळायचा. ‘पडतो आहे पाऊस’ म्हणताना इंग्रजीला एक पोकळ ‘इट’ लागतो. पोर्तुगीजला लागत नाही, मराठीलाही लागत नाही. त्याचा निबंध मी लाल पेनाने तपासला तेव्हा पानावर गोवर उठल्यासारखे झाले. पण त्याने तो खाली मान घालून पुन्हा लिहून आणला. आठवड्यातून तीन संध्याकाळी तो यायचा, हाताला रंगाचे डाग असायचे. तिसऱ्या आठवड्यात त्याचा पहिला सलग परिच्छेद उतरला, आजी मिनासमध्ये कॉफीच्या बिया वाळवायची त्यावरचा. उताऱ्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता, पण इंग्रजी चोख होते. मी त्यावर ‘छान’ असा शेरा मराठीत लिहिला.

आता मला सांगा, ही अट चांगली की वाईट? ती नसती तर तो माझ्यासमोर येऊन बसला असता काय? आणि ती असल्यामुळे, समजा तो तिसऱ्यांदा नापास झाला असता, तर ज्याने बाकी सारे पुरे केले त्याला हायस्कूल न झालेला म्हणून जन्मभर हिंडायला लावणे हे कुठल्या तराजूत बसते? घरी हे मी बोललो तेव्हा लेक म्हणाली, “बघा, बाबा माझ्या बाजूचे.” जावई म्हणाले, “नाही, माझ्या बाजूचे.”

जावयांच्या बाजूलाही वजन होते हे मी लपवत नाही. २००५ पासून हे राज्य देशाच्या नमुना-चाचणीत, म्हणजे सर्व राज्यांतल्या थोड्या थोड्या मुलांना देतात त्या परीक्षेत, वारंवार अव्वल राहिले आहे. यात १९९३ च्या पैशाचा वाटा किती आणि परीक्षेचा किती, हे वेगळे काढता येत नाही. दोन्ही बाजू आपापला वाटा मोठा सांगतात. राज्यपाल मॉरा हीली यांनीही ‘नाही’चीच बाजू घेतली होती. त्यांच्या बाजूचा खरा सवाल असा होता : अट गेली तर तीनशेहून अधिक शाळा-जिल्हे आपापली पट्टी काढतील, मग गरीब गावच्या डिप्लोमाला बाजारात किंमत काय राहील? नुकसान होईल ते ज्यांच्यासाठी हे चालले आहे त्यांचेच.

याला माझे उत्तर हे की, ताप किती आहे ते बघायला थर्मामीटर लावावाच, आणि नुसत्या नमुन्यावर भागत असेल तर फारच उत्तम. आपल्याकडे ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी २००५ पासून तेच करते. पाचवीतले मूल दुसरीचे पुस्तक वाचते काय, एवढे घरी जाऊन बघायचे. मुलाला काही शिक्षा नाही, शाळेलाही नाही, आणि तरी देशाला जे कळायचे ते कळते. पण ताप मोजायच्या काठीने रोग्याला मारू नये. उलट आपण तर दुसऱ्याच टोकाला जाऊन आलो आहोत. २०२१ मध्ये करोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, अंतर्गत गुणांवर निकाल लावला, तो ९९.९५ टक्के लागला. सगळी शाळा पास झाल्याचा आनंद कुणाच्याही तोंडावर मला दिसला नाही. मला तिथे मत नव्हते. असते तर मी लेकीच्या रकान्यात खूण केली असती, जावयांकडे न बघता.

५ नोव्हेंबर २०२४ ला मतदान झाले. अळंब्या पडल्या, वाढपी पडले. परीक्षेची अट रद्द करण्याच्या बाजूने शंभरात एकोणसाठ मते पडली. परीक्षा राहिली, कारण ती देशाच्या कायद्याने घ्यावीच लागते. डिप्लोमाची गाठ तेवढी सुटली. गावच्या शाळेने ‘याने अभ्यास नीट पुरा केला’ असे प्रमाणित केले की झाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला. फेरपरीक्षा त्याच महिन्यात होती, नवा कायदा महिन्याभराने अमलात येणार होता, शाळेत कुणालाच नक्की सांगता येत नव्हते. त्याने ती दिली. त्यानंतर दोन आठवडे तो आला, मग आठवड्यातून एकदा, मग नाताळ आला, बर्फ पडले, आणि तो यायचा थांबला. ग्रंथपालबाई म्हणाल्या, वडिलांबरोबर कामावर जातो. मी फेब्रुवारीत परतलो तेव्हा ते टेबल रिकामेच होते. नातीने मार्चमध्ये परीक्षा दिली. वर्गातली काही मुले तासाभरात उठून गेली म्हणे. आता त्यात अडकलेले काही नव्हते. तिने शेवटपर्यंत बसून लिहिले. “का ग?” विचारले तर म्हणाली, “आईने सांगितले म्हणून.” जिने ‘हो’ला मत दिले त्या आईने! राज्यपालांनी २०२५ च्या जानेवारीत डिप्लोमासाठी दुसरे काय मोजमाप ठेवावे हे ठरवायला समिती नेमली. म्हणजे वाद पुन्हा पहिल्या पानावर.

त्या मुलाला जूनमध्ये डिप्लोमा मिळाला. त्या राज्याने २०२४ पासून कम्युनिटी कॉलेज फुकट केले आहे, तिथे तो संध्याकाळच्या वर्गाला जातो, आणि तिथे पहिल्याच सत्रात निबंधलेखन सक्तीचे आहे! परवा त्याचे पत्र आले, ‘प्रोफेसर’ या संबोधनाने सुरू होणारे, सोबत दोन पानी निबंध. आजीची कॉफी आता चांगली वळणावर आली आहे. कर्ता दोनच ठिकाणी गळला आहे. मी लाल पेन काढून ठेवले आहे, सौ. म्हणते, आधी चकल्या तळून होईपर्यंत स्वयंपाकघरात या आणि मग काय ते तपासा.